तू म्हणणारी माणसं

“तोर्पोक, समोवार तू आणणार होतास. आता अंग काढून घेतलंस तर बघ!”

कुबानचा संदेश फोनवर उजळला तेव्हा बुरुलसूनचे दोन्ही हात पिठात होते. तिनं मान वाकवून नाकाच्या शेंड्यानं संदेश वर सरकवला. खाली ऐझिरेकनं भर घातली होती : “आणि चहाचे वाडगेही. गेल्या वर्षीसारखा ऐन वेळी गायब झालास ना इनिम, तर गटातून हाकलून देईन.”

इनिम म्हणजे धाकटा भाऊ. बुरुलसून सत्तरीला टेकली होती. नाकाला लागलेलं पीठ तसंच ठेवून ती गालातल्या गालात हसली.

“आपा, तुम्ही उठा बघू.” सून गुलझिनानं तिच्यापुढची परात ओढून घेतली. “बोरसोक मी तळते. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“मळून झालंय गं.”

“मग झालंच तर. तुम्ही बसा.”

बसा. या घरात दिवस उगवे तो या शब्दानं आणि मावळे तोही याच शब्दानं. सून गुणाची होती, मुलगा शब्दाबाहेर नव्हता, शेजारीपाजारी वडीलधारीला म्हणतात तसं आपा म्हणत वाट सोडून उभे राहत. बालिकचीच्या टेलिफोन एक्स्चेंजात तिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या तारा जोडण्यात घालवला होता. तेव्हाच्या पोरी आता आज्या झाल्या होत्या आणि त्याही तिला तुम्हीच म्हणत. माणूस मोठं झालं की हातातलं काम जातं. काम गेलं की चूक करायची सोय जाते. चूक गेली की बोलणी जातात. आणि बोलणी गेली की उरतो तो नुसता मान, गादीसारखा मऊ आणि गादीसारखाच मुका.

तिला तू म्हणणारी माणसं एकेक करून टेकडीवरच्या कबरस्तानात जाऊन झोपली होती. आधी बाप, मग आई, मग नवरा. थोरली बहीण सायाकान तेवढी उरली होती. पलंगाला खिळली तरी तिथून ओरडायची, “बुरुल, मेले, तुझ्या चहात मीठ कुठंय?” गेल्या हिवाळ्यात तीही गेली. दुखवट्याच्या तंबूत गावभरच्या बायका हंबरडा फोडत होत्या आणि बुरुलसूनच्या मनात एकच वेडगळ विचार फिरत होता : आता ‘तुझा चहा’ म्हणणारं कोण?

कोण म्हणजे ही पोरं.

सहा वर्षांपूर्वी नातू शिकायला बिश्केकला गेला तेव्हा जुना संगणक मागं ठेवून गेला. त्यावर बुरुलसून आईची गाणी टंकून ठेवू लागली. आतली लिहिण्याची सोय फुकटची होती; जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून बांधलेली, मालक नसलेली. तिच्या बटणांवरचे शब्द किर्गिझ भाषेत आणले होते कुणी पोरांनी. त्यातला एक शब्द तिला खटकला. तिनं चांगली अदबशीर तक्रार लिहिली. बेकतूर नावाच्या कुणाचंसं उत्तर आलं : “चूक दिसली ना तुला? मग दुरुस्त कर की. आम्ही काय तुझे नोकर आहोत?”

ती संध्याकाळभर संगणकापुढून हलली नाही. सुनेला वाटलं, रक्तदाब वाढला. पण बुरुलसूनला राग आलाच नव्हता. कुणीतरी तिला ‘तुला’ म्हटलं होतं.

तिनं शब्द दुरुस्त केला. मग दुसरा केला. गटात नाव काय घ्यायचं असं विचारलं गेलं तेव्हा तिनं बापानं ठेवलेलं नाव घातलं, तोर्पोक. म्हणजे वासरू. बाप कुरणातून हाका मारी :

माझं तोर्पोक लंगडं, मागं मागं राहतं
वाऱ्याशी बोलतं, सांज झाली विसरतं

आमच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द. पडद्यावरच्या माणसाची मिशी दिसत नाही की वेणी दिसत नाही. नाव वासराचं, प्रश्न नवख्याचे. पोरांनी ठरवून टाकलं, हा कुणी शाळकरी इनिम आहे. धाकट्याच्या वाट्याला येतं ते सगळं तिच्या वाट्याला आलं. कंटाळवाण्या याद्या तपासणं, संमेलनाच्या पत्रिका शंभरदा वाचणं, वक्त्यांच्या मागं लागणं. आवाजी बैठक असली की ती लिही, “माझा माइक बिघडलाय.” आणि कुबान लिही, “गाढवा, नवा घे.” वर्षातून एकदा कराकोलच्या वाचनालयात ही मंडळी प्रत्यक्ष जमत. पगार कुणालाच नाही. घर बांधायला गाव जमतं तसा तो आशार. बुरुलसून दर वर्षी ‘येईन’ म्हणे आणि दर वर्षी ऐन वेळी आजारी पडे. गेली असती तर सहा वर्षांचं ते ‘तू’ दारातच चपला घालून चालतं झालं असतं.

या वर्षीही ती समोवार मार्श्रुत्का मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देऊन मोकळी होणार होती. पण रात्री कुबाननं लिहिलं, “ऐक. पुढच्या महिन्यात मी कामासाठी कोरियाला चाललोय. कधी परतेन ठाऊक नाही. समोवार नाही आला तरी चालेल, पण तू ये. तुला एकदा डोळे भरून शिव्या द्यायच्यात.”

तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. सकाळी सुनेला म्हणाली, “मी जाते. समोवार मीच नेते.”

“तुम्ही? आपा, तुम्ही कशाला—”

“मीच,” बुरुलसून म्हणाली.

सरोवराच्या काठाकाठानं मार्श्रुत्का धावली. मांडीवर समोवार, तो चहाच्या पाण्याचा तोटीवाला बंब; पायाशी बोरसोकची पिशवी. वाटेत सफरचंदांचे ढीग लागले, लाल लाल. ड्रायव्हर म्हणाला, “आपा, लग्नाला का?” ती म्हणाली, “तसंच समज.”

वाचनालयाच्या दारात एक मुलगी खुर्चीवर चढून कागदी बाण चिकटवत होती. आत टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते आणि आवाज येत होता, “ऐझिरेक! पडद्याची वायर कुणी नेली? बोरसोकसारखी वायर पण खाता का रे तुम्ही?”

“बेकतूर, तू त्याच वायरीवर झोपलायस!” मुलगी ओरडली आणि वळली तर समोर म्हातारी, हातात समोवार. तिनं खुर्चीवरून उडीच टाकली. “अगं बाई! आपा, द्या, द्या इकडे. हा तोर्पोकचा समोवार का?”

“तोर्पोकचाच,” बुरुलसून म्हणाली.

“आणि तो कुठंय?”

बुरुलसूननं तोंड उघडलं. पण ऐझिरेकनंच उत्तर देऊन टाकलं, “नाही आला ना? वाटलंच मला. कुबान बाइके, अहो दादा, ऐका! पठ्ठ्या घरी लोळतोय आणि आजीला पाठवलंय ओझं घेऊन!”

आतून उंच, वाकड्या नाकाचा कुबान धावत आला. छातीवर हात ठेवून त्यानं तिला सलाम केला. “आपा, माफ करा. आम्ही त्याला आणायला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. येऊ दे तो हाती, कान उपटतो त्याचे.”

उपट ना, बुरुलसूनच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं : किती सोपं झालं. आजी होऊन मागच्या रांगेत बसायचं, पोरांना डोळे भरून पाहायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. उद्या तोर्पोक लिहील, ताप होता रे. आणि कुबान कोरियातून लिहील, गाढवा. सगळं जिथल्या तिथं राहील.

ती मागच्या रांगेत बसली.

माणसं जमली, शिक्षक, विद्यार्थी, ओशहून रात्रभर प्रवास करून आलेले दोघं, नारिनची एक डॉक्टरीण. पडदा उजळला, विझला, पुन्हा उजळला. कुबान उभा राहिला. बोलण्यात तो लिहिण्याइतका शूर नव्हता. त्यानं एकेकाचं नाव घेतलं; कुणी खुर्च्या आणल्या, कुणी वक्त्यांना घरी झोपायला जागा दिली, कुणी चाचण्या केल्या. ज्याचं नाव घेई तो उठे, टाळ्या पडत, तो लाजून बसे.

“आणि आमचा तोर्पोक,” तो म्हणाला. “किर्गिझमध्ये तुम्ही जे वाचता त्यातला बराच भाग याच्या हातचा आहे. दिलेलं काम त्यानं कधी परत केलं नाही. माझी आई आजारी होती तेव्हा माझ्या वाटणीचं यानं केलं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही. आज तो आलेला नाही. तरी टाळ्या वाजवा.”

टाळ्या वाजल्या. बुरुलसूनच्या डोळ्यांपुढचा पडदा पाण्यात हलला. ती या मुलांची ऋणी होती, आणि हीच मुलं तिचे आभार मानत होती.

टाळ्या ओसरल्या तसा बेकतूर, केस विस्कटलेला, कपाळाला धूळ लागलेली, मोठ्यानं म्हणाला, “कामाला वाघ आहे, मान्य. पण म्हाताऱ्या आजीला समोवार वाहायला लावतो तो कसला माणूस? उलट्या काळजाचा!”

दोघं-तिघं “खरंय” म्हणाले.

बापानं कुरणभर गाजवलेलं नाव होतं ते. तिला काहीही म्हटलेलं चाललं असतं, त्या नावाला नाही. ती उठून उभी राहिली.

“तोर्पोकला नावं ठेवू नका,” ती म्हणाली. “समोवार त्यानं स्वतःच आणलाय. तोर्पोक मीच.”

आधी कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. मग एक खुर्ची सरकली, दुसरी सरकली, आणि सगळं दालन उभं राहिलं. मोठ्या माणसासमोर आमच्याकडे बसून राहत नाहीत.

कुबानचा चेहरा बीटासारखा झाला. “आपा… मी… मी तुम्हाला सहा वर्षं गाढवा म्हणत होतो.”

“गाढवा क्वचितच,” बुरुलसून म्हणाली. “जास्त करून बैला.”

हसू फुटलं, पण अदबीनं. तोंडावर हात ठेवून हसावं तसं. मग सुरू झालं. तुम्ही पुढं या. तुम्ही इथं बसा. आपांना गादी आणा, पाठीला उशी द्या, दार लावा, त्यांना वारा लागतोय. कुणीतरी स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर घातला. ऐझिरेकनं टेबलावरची ‘तोर्पोक’ लिहिलेली चिठ्ठी हळूच उचलली आणि दुसरीवर सुंदर अक्षरात लिहिलं : बुरुलसून आपा. ती तिनं बुरुलसूनच्या छातीवर अदबीनं लावली.

“छान आहे,” बुरुलसून म्हणाली. खरंच छान होतं अक्षर.

जेवणाआधी त्यांनी तिच्याकडे आशीर्वाद मागितला. सर्वांत मोठी तीच होती. तिनं ओंजळ उघडली, सर्वांनी उघडली.

“तुमची वाट दुधासारखी पांढरी असो,” ती म्हणाली. “परदेशी गेलेल्याला घराचा धूर दिसो. तुमच्या हातचं काम तुमच्याहून जास्त जगो. एका अनोळखी माणसाला तुम्ही उंबऱ्याच्या आत घेतलंत, तुमच्या उंबऱ्याला कधी गवत न उगवो.”

“आमीन,” म्हणून सर्वांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. कुबाननं दोन्ही तळवे बराच वेळ चेहऱ्यावरच ठेवले.

दुपारी शब्दांची बैठक होती. सगळे जमिनीवर, गोल करून, मध्ये संगणक. बुरुलसूननं एवढंच मागून घेतलं की मला समोवारापाशी बसू द्या, त्याची तोटी गळते आणि तिची खोड मलाच माहीत आहे. वाद निघाला तो केलेली गोष्ट मागं घेण्याच्या शब्दावरून. चुकून काही पुसलं गेलं की जे बटण दाबायचं, त्याला काय म्हणायचं?

“रद्द कर,” बेकतूर म्हणाला. “साधं, सरळ.”

“रद्द सरकारी कचेरीत करतात,” बुरुलसूनला राहवलं नाही. “काइतार म्हणा. वळवून आण.”

“आपा, तुमचा मान राखून सांगतो, काइतार मेंढ्यांना म्हणतात.”

“मग? लिहिलेलं भरकटलं की मेंढरासारखंच वळवायचं.”

“संगणक काय कुरण आहे?”

“तुझ्या संगणकात तर बैलही चरतात.”

गोल हसला. बेकतूर गुडघ्यांवर आला. त्याचे कान तापले होते. “बरं, काइतार. मग वळवून आणलेलं पुन्हा तसंच करायचं असेल तर? त्या बटणाला काय म्हणायचं? मेंढी पुन्हा पळव?”

“त्याला… त्याला म्हणायचं…”

“काय?”

“थांब जरा.”

“थांबतो! बोल! बघा, नाही सुचत! तू नेहमी असंच करतेस, अर्धा शब्द गोड शोधतेस आणि उरलेला अर्धा आमच्या गळ्यात मारतेस! जोडीचा शब्द हवा, जोडीचा! कितीदा सांगू तुला?”

नारिनची डॉक्टरीण त्याच्या बाजूनं सरसावली, ओशवाला काइतारच्या बाजूनं. सगळे एकदम बोलू लागले. बेकतूर बरोबर होता. बुरुलसूनला जोडीचा शब्द सापडत नव्हता. ती सपशेल हरली होती. तिच्या गालांवर कित्येक वर्षांत चढली नव्हती अशी लाली चढली.

ओशवाल्याशी भांडता भांडता बेकतूरचा घसा कोरडा पडला. गोलात समोवारापाशी जो बसतो तो धाकटा. चहा त्यानं ओतायचा. बेकतूरनं तिकडं पाहिलंही नाही. रिकामा वाडगा धरलेला हात नुसता मागं लांब केला.

“ओत,” तो म्हणाला.

ऐझिरेकनं दचकून वाडगा घ्यायला हात पुढं केला. बुरुलसूननं तिच्याकडं फक्त पाहिलं. मुलीचा हात मागं गेला.

बुरुलसूननं गळकी तोटी अंगठ्यानं दाबली, मग अलगद सोडली. वाडगा अर्धाच भरला. पाहुण्याला काठोकाठ चहा दिला तर आमच्याकडे त्याचा अर्थ होतो, आता तुम्ही निघा. आपल्या माणसाचा वाडगा अर्धाच भरायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो.