हसण्याएवढी जागा

"बोलू तर दोघं बोलू, नाहीतर ही मी चालले घरी," वहिनी संयोजकाला म्हणाल्या.

"अहो, पण भाऊजींना आता ठार ऐकू येत नाही. जुनं रेकॉर्डिंग लावतो, तुम्ही दोघं नुसते खुर्चीत बसा."

"फोटोला बसवतात तसं?"

संयोजकानं दोघांसमोर माइक ठेवले.

नात्यानं त्या वहिनी नव्हेत, ते भाऊजी नव्हेत. रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात वीस वर्षं दर आठवड्याला भाऊजी घरातली वस्तू दुरुस्तीला घेत आणि वहिनी प्रश्न विचारत. हशा भाऊजींचा, प्रश्न वहिनींचे. वहिनींनी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना फोन जोडून द्यायचे, संध्याकाळी स्टुडिओ गाठायचा. तिथे हसायला कुणी नसायचंच. विनोद झाला की घराघरांतलं हसू मावेल एवढी जागा अंदाजानं सोडायची, मग पुढचं वाक्य. आता तर त्यांची सख्खी थोरली बहीणही त्यांना वहिनी म्हणते!

भरल्या नाट्यगृहात पडदा वर गेला. भाऊजींच्या हातात संवादांचा कागद होता; वहिनींच्या प्रश्नाला किती वेळ लागतो ते वीस वर्षांत पाठ झालेलं.

वहिनी: पंखा झाला का दुरुस्त?

भाऊजी: झाला की. आता पंखा जागेवर असतो, घर फिरतं.

काय हसले लोक! असं हसू दोघांनीही कधी समोर ऐकलं नव्हतं. भाऊजींनी तर आत्ताही नाही. सवयीएवढं थांबून ते पुढे निघाले आणि दोन वाक्यं हशात बुडाली. तिसऱ्याला लोक गोंधळले. चौथ्याला शांतता. दिव्यांच्या झोतापलीकडे भाऊजींना नुसता काळोख दिसत होता. विंगेत संयोजक रेकॉर्डिंग लावायच्या खुणा करत होता.

वहिनींनी त्याच्याकडे साफ पाठ फिरवली, खुर्ची सरकवली आणि भाऊजींचं मनगट धरलं.

वहिनी: आणि घड्याळ?

भाऊजी: एकदम ठीक. दोन स्क्रू उरले, ते कंपनीनंच चुकून जास्तीचे घातले होते.

हशा. मनगट दाबलेलं. हशा ओसरला. दाब सोडला.

भाऊजींनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. समजलं.

मध्ये एक विनोद पडला, कुणी हसलं नाही. वहिनींनी दाबलं नाही, खोटं कशाला? भाऊजी न अडखळता पुढच्यावर गेले. घोड्याला लाजवेल अशी चाल!

वहिनी: भाऊजी, घरात आता धड काय उरलंय?

भाऊजी: तुमची जीभ, वहिनी. तिच्यापर्यंत माझा पाना पोचला नाही.

वहिनींनी दाबलं. हशा ओसरेना, दाबूनच ठेवलं. बोटं दुखायला लागली.

"वहिनी," कागदाआडून भाऊजी पुटपुटले, "सोडायचं विसरलात का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

भाऊजी पुढच्या वाक्यावर बोट ठेवून थांबून राहिले.