गुरुदत्तकाकांची मतं आणि मी फळा

मी फळा. बोलायची सवय मला नाही, कारण दुसऱ्यांचं बोलणं अंगावर घेऊन उभं राहणं हेच माझं जन्मभराचं काम. पण आता निघायची वेळ जवळ आली आहे, तेव्हा चार शब्द माझेही ऐका.

१९८९ साली काशिराम सुतारानं मला नवीन पनवेलच्या एका सोसायटीसाठी बनवलं. जाड प्लायवूड, सागाची चौकट, वर पावसासाठी पत्रा आणि काळ्या रंगाचे तीन हात. काशिराम मोठा चोखंदळ. तिसरा हात वाळेपर्यंत त्यानं कुणाला मला बोट लावू दिलं नाही. मला फाटकाजवळ रोवलं, आणि समोरच्या मोकळ्या जागेत बास्केटबॉलचे दोन लोखंडी खांब उभे राहिले. शेजार चांगला मिळाला.

सुरुवातीला माझ्यावर काय लिहायचे? उद्या पाणी येणार नाही. गणपतीची मीटिंग नऊला, वेळेवर यावे. (वेळेवर कुणीही आलं नाही, मी साक्षीला होतो.) मग केबल आली, आणि एका रविवारी पहिल्या मजल्यावरचे गुरुदत्तकाका खडू घेऊन खाली उतरले. पाण्याच्या सूचनेखाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बास्केटबॉल : माझे मत’. तेव्हापासून रविवार त्यांचा झाला.

काका रसायनीला कारखान्यात नोकरीला होते. कॉलेजात असताना सांगलीला खेळलेले. रविवारी सकाळी सहाला ते टीव्हीवर अमेरिकेतली मॅच लावून बसायचे, कधी कॉलेजच्या पोरांची, कधी पगारी व्यावसायिकांची. साडेआठला हातात दुधाची रिकामी पिशवी आणि डोक्यात मत घेऊन माझ्यासमोर हजर. वरून कुमुदकाकू ओरडायच्या, “अहो, दूध आणायला गेलात की अमेरिकेला?”

आणि मतं तरी कशी! ‘व्यावसायिक खेळाडू चेंडू घेऊन चार पावले चालतो आणि पंच कौतुकाने पाहतो. कॉलेजचा मुलगा अडीच पावले चालला तर शिट्टी. न्याय कुठे आहे?’ दुसऱ्या रविवारी, ‘उडी मारून वरून चेंडू घालणे हा खेळ नव्हे. फळीवर डबा ठेवणे आमच्या घरीही होते.’ पुढे, ‘व्यावसायिकांना हरले तरी परवा दुसरी मॅच असते. कॉलेजचा संघ हरला की घरी. म्हणून कॉलेजचा खेळ खरा.’ पेपर टाकणारा, इस्त्रीवाला, कामावर निघालेले लोक थांबून वाचायचे. निम्म्यांना खेळ ठाऊक नव्हता, पण फळ्यावर आलंय म्हणजे काहीतरी असणार, अशी इथली श्रद्धा. मलाही मोठं झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

माझ्या वाचकांत सगळ्यात श्रद्धाळू होती रिया. गव्हाणच्या कोळ्यांची मुलगी, पनवेलच्या कॉलेजात शिकणारी. तिची आई गंगाबाई आमच्या गल्लीत मासे विकायची. आईबरोबर टोपली घेऊन आलेली असताना रिया खांबाखाली थांबली, आणि काकांनी तिच्या हातात चेंडू दिला. पुढची चार वर्षं संध्याकाळी पाचला दोघं मैदानात. काका ओरडायचे, “मनगट! अगं, मनगट!” पोरीनं कॉलेजच्या संघात जागा मिळवली, मग कॅप्टन झाली. काकांचं मत ती वहीत उतरवून न्यायची.

१९९६ साली अमेरिकेतला कुणी एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून व्यावसायिक संघात गेला. काका भडकले. त्या रविवारी त्यांनी लिहिलं, ‘शिक्षण अर्धवट टाकून नोकरीसाठी खेळणारा खेळाडू आपल्या संघाला विकतो. अशाला मी खेळाडू मानत नाही.’ खाली दोन रेघा ओढल्या. खडू मोडला.

त्याच आठवड्यात रियाला पत्र आलं. मुंबईतल्या एका सरकारी खात्यानं खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी दिली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं, त्यांच्या संघातून खेळायचं. बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून द्यावं लागणार होतं आणि कॉलेजची फायनल पंधरा दिवसांवर आली होती. पत्राचं काकांना काहीच माहीत नव्हतं. पण रिया निवड चाचणीला जाऊन आली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शुक्रवारी ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, एकदा वाचलं, परत वाचलं. मग चेंडूला हात न लावता निघून गेली. अगं, हे तुझ्याबद्दल नाही, असं मला ओरडावंसं वाटलं. पण फळ्याला लिहिलेलं तेवढंच बोलता येतं. इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी काका नवं मत घेऊन आले, तर माझ्यापुढे गंगाबाई. डोक्यावर टोपली तशीच.

“भाऊ, माझी पोर नोकरीला नाय बोलते. फल्यावर लिवलंय बोलते. मला वाचता येत नाय. तुमीच वाचा, काय लिवलंय माझ्या पोरीबद्दल.”

काकांनी वाचलं. स्वतःचंच अक्षर, पण अडखळत. शेवटचं वाक्य तर त्यांनी जवळजवळ पुटपुटलंच.

“हे अमेरिकेतल्या मुलाबद्दल आहे हो, गंगाबाई.”

“माझी पोर गव्हानची हाय.” तिनं टोपली खाली ठेवली. “तिचा बाप खाडीवर जातो. आमच्या घरात सरकारी कागद पयल्यांदा आला. तुमी नोकरी करता ना, भाऊ?”

“करतो.”

“मग?”

 फडकं शोधायलाही काका थांबले नाहीत. शर्टाच्या बाहीनं मला पुसून काढलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मागील रविवारचे माझे मत चुकीचे होते.’ खाली पूर्ण नाव. मग गंगाबाईला म्हणाले, “तिला पाचला पाठवा. चेंडूसाठी नको, माझ्यासाठी.” कुमुदकाकूंनी जेवायला दोनदा हाक मारली, पण ते माझ्या सावलीतून हलले नाहीत.

रिया आली. वाचलं. “काका, आई बोलली म्हणून लिहिलंत तुम्ही.”

“तिनं विचारलं म्हणून कळलं.” काका तिच्याकडे बघतच नव्हते. “रिया, मी कॉलेजात असताना दोन ऑफिसांच्या चाचण्या दिल्या होत्या. दोन्हीकडून कागद आला नाही. आला असता तर मी परीक्षेचा पेपर टाकून धावत गेलो असतो. तेव्हापासून मी म्हणतो, कॉलेजचाच खेळ खरा. द्राक्षं आंबट, दुसरं काय.”

“आणि फायनल?”

“हरू. तू उद्या पहिल्या गाडीनं जा.”

ती वाकून पाया पडायला गेली, तर काकांनी तिला अर्ध्यात धरलं आणि दोघंही रडले. मीही ओला झालो असतो, पण लाकडाला तेवढी सोय नाही.

कॉलेज फायनल हरलं, एकवीस गुणांनी. काकांनी आकडा न लपवता लिहिला. रिया सुट्टीच्या दिवशी यायची तेव्हा ऑफिसच्या संघातल्या गोष्टी सांगायची, आणि काका व्यावसायिकांबद्दल जरा नरमाईनं लिहू लागले. ‘अडवायला कोणी नसताना मारायचा फ्री थ्रो मात्र तेच शिकवू शकतात’ इथपर्यंत त्यांची मजल गेली.

आता मी दहा वर्षांचा झालो. प्लायवूड फुगलंय, काळा रंग राखाडी पडलाय, खडू नीट उमटत नाही. पुढच्या महिन्यात सोसायटी कुलपाचा, काचेचा बोर्ड लावणार आहे. त्यात टाइप केलेले कागद टाचतील. कागदाला माझा विरोध नाही. फक्त त्या काचेसमोर कधी एखादी वाचता न येणारी बाई थांबली, तर तिला आतलं वाचून दाखवा, एवढं माझं मागणं आहे.

काका अजून दर रविवारी येतात. पण खडू उचलण्याआधी गंगाबाईची वाट बघतात आणि आपलं मत तिला तोंडी सांगतात. परवा त्यांनी कॉलेजच्या खेळाडूंनी पास किती द्यावेत, यावर पाच मिनिटं सांगितलं. तिनं डोक्यावरच्या टोपलीसकट सगळं ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “लिवा भाऊ. यानं कोनाच्या पोरीचं काय अडत नाय.”