मर्यादेबाहेरची आत्या

माझी आत्या असूच शकत नाही, असं मला एका सॉफ्टवेअरनं सांगितलं. तेही लाल अक्षरांत.

डिझाइन कॉलेजातला तिसऱ्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट होता. प्रत्येकानं एक वस्तू निवडायची, तिचं मॉडेल कॉम्प्युटरवर उभं करायचं, मग वर्कशॉपमध्ये ती खरीखुरी बनवायची आणि शेवटी प्रदर्शनात परीक्षकांपुढे मांडायची. वर्षाचे निम्मे मार्क त्यावर. वस्तू माणसाच्या मापाची आहे हे दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये एक तयार माणूस मिळतो. राखाडी, टकला, ताठ पाठीचा. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो, कारण सगळ्यांच्या खुर्च्यांवर तोच बसायचा, सगळ्यांच्या कपांना तोच हात लावायचा, काम काडीचं करायचा नाही आणि सगळं जग मात्र त्याच्या सोयीनं मांडायचं. मी खुर्ची करत होते. जावईबापूंच्या उंचीच्या रकान्यात मी आत्याची उंची टाकली, एकशे चौतीस सेंटिमीटर. लगेच लाल ओळ आली, 'मूल्य मर्यादेबाहेर आहे.' पुन्हा टाकली, पुन्हा तेच. एकशे पंचेचाळीसच्या खाली माणूसच नाही म्हणे.

माणूस नाही! मग रोज सकाळी माझ्या आधी बाथरूम अडवून बसते ती कोण?

आत्या बसस्थानकात तिकीट खिडकीवर काम करते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, राहते आमच्याकडेच, आणि पन्नाशी आली तरी बाबा तिला टिल्लूच म्हणतात. खिडकीचं टेबल उंच. खुर्ची वर घेतली की तिचे पाय लोंबकळतात आणि संध्याकाळी सुजून चपलेत मावत नाहीत. खाली घेतली की खिडकी तिच्या डोक्यावर जाते. तिनं खाली बसणं पत्करलं. हात वर करून तिकिटं देता देता तिचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बसायची व्यवस्था बदला, नाहीतर नोकरी सोडा. साहेबांनी तिच्या अर्जावर उत्तर दिलं की खुर्च्या सगळ्यांना सारख्याच मिळतात. सारख्याच! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून मी खुर्ची करायला घेतली. उंच बैठक, पण तिची पुढून मागची खोली कमी, म्हणजे पाठ टेकेल. पुढे रुंद पायठेवणी, खुर्चीलाच पक्की जोडलेली.

आमच्या सरांना सगळे चकाचक सर म्हणायचे. मॉडेल कसंही असो, पडद्यावरचं चित्र चकाचक पाहिजे, हा त्यांचा धर्म. मी त्यांना ती लाल ओळ दाखवली.

"अगं, सोपं आहे," ते म्हणाले. "वापरणारा बदल."

"सर, वापरणारी माझी आत्या आहे."

"असेल. पण तुझ्या एकट्या आत्यासाठी कोण कारखाना काढणार आहे?"

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला, यादी उघडली आणि 'मुलगा, वय वर्षं दहा' निवडला. राखाडी पोरगा माझ्या खुर्चीत येऊन बसला. लाल ओळ गेली.

"बघ, बसला की नाही! मापं तीच ठेव. फक्त मुलांची खुर्ची म्हण. परीक्षक खूश, बाजार मोठा."

"तो सैल बसतोय, सर. दोन्ही बाजूंना बघा किती जागा राहिलीय."

"मग सीट काप. अरुंद कर."

"मग आत्या मावायची नाही त्यात."

"पुन्हा आत्या!" सरांनी कपाळाला हात लावला आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळली.

घरी येऊन मी आदळआपट केली. आत्या भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मग म्हण की मुलांची. माझं काय बिघडतं? माझ्या चपला तरी कुठं मोठ्यांच्या असतात? मुलींच्या दुकानातून आणते. वर फुलपाखरू असतं, ते कात्रीनं काढून टाकायचं."

"तुला राग नाही येत?"

"कुणाकुणावर चिडू? मार्क घे आणि मोकळी हो. उगाच माझ्यापायी वर्ष घालवू नकोस."

बाबा पेपरमागून म्हणाले, "टिल्लूला सवय आहे."

सवय! आयुष्यभर ती दुकानातली फुलपाखरं कापत बसली आणि आम्ही त्याला सवय म्हणतोय. मला त्या दिवशी सॉफ्टवेअरपेक्षा घरच्यांचाच जास्त राग आला. मी सीट कापली नाही. सुट्टीच्या दिवशी आत्याला वर्कशॉपमध्ये नेलं, प्लायवूडच्या कच्च्या सांगाड्यावर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. "शिवायला टाकलेल्या ब्लाऊजलासुद्धा इतकं छळत नाहीत गं," ती कुरकुरली. पण पाठ टेकून, पाय ठेवून ती बसली आणि तिनं बैठकीच्या कडेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "होईल पूर्ण?"

खुर्ची पूर्ण झाली. सरांनी पाहिली, ठोकून पाहिली, मजबूत आहे म्हणाले. प्रदर्शनात माझ्या जागेवर लावायचा फलक मात्र तेच छापून आणणार होते. सगळ्यांचे फलक एकसारखे दिसायला हवेत म्हणे. मी माझी चित्रं आणि मजकूर त्यांच्याकडे दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्यानं खांद्याला मलम चोळलं, इस्त्रीची साडी नेसली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझ्याबरोबर आली. हॉलमध्ये शिरलो, माझी जागा शोधली आणि मी जागीच थांबले. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'छोट्या दोस्तांची उंच खुर्ची'. चित्रात माझी खुर्ची पिवळीधमक रंगवलेली आणि तिच्यात तो राखाडी पोरगा, पाठीला दप्तर लावून. चित्र चकाचक होतं, यात शंका नाही. आत्याचं, खिडकीचं, खांद्याचं एक अक्षर नव्हतं.

आत्यानं फलक वाचला. "रंग छान आहे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला अजूनच भडभडून आलं. मग ती खुर्चीकडे गेली आणि बसायला तिनं हात टेकला. तेवढ्यात एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," त्या आत्याला म्हणाल्या. "मुलांची खुर्ची आहे. याला बसू द्या."

आणि आत्या बाजूला झाली. वर "हो हो, बसू दे ना" म्हणाली. स्वतःच्या मापानं बनवलेल्या खुर्चीपासून माझ्या आत्याला हटवलं आणि ती माफी मागितल्यासारखी हसली! त्या बाईंचा काय दोष? त्यांनी फलक वाचला होता.

मी मुलाला उतरवलं, त्याच्या आईला सॉरी म्हटलं आणि खुर्ची उचलली. चकाचक सर हॉलच्या त्या टोकाकडून धावत आले.

"काय करतेस? परीक्षक येतायत!"

"ही मुलांची खुर्ची नाही, सर."

"फलकाचं नंतर बघू. आधी खाली ठेव ती. वस्तू जागेवर नसली तर शून्य मिळेल. वर्ष जाईल तुझं!"

"जाऊ दे."

"अगं, ठेव ना," आत्यानं माझा दंड धरला. "माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठीच आहे," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. मी खुर्ची डोक्यावर घेतली आणि निघाले. आत्या मागून भुणभुणत आली, रस्ताभर. वर्ष गेलं, तोंड काळं झालं, बाबांना काय सांगायचं. मी ऐकत होते आणि चालत होते.

बसस्थानकात तिच्या सहकाऱ्यानं खोलीचं दार उघडलं. तो काही विचारणार होता, पण माझं तोंड बघून बाजूला झाला. मी जुनी खुर्ची बाहेर ढकलली, ही आत ठेवली. "बस," मी म्हटलं. रजा संपायला वेळ होता, तरी आत्या बसली. तिनं पाय ठेवले, पाठ टेकली आणि खिडकीचं दार सरकवलं. मी तिच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. मला धाप लागली होती.

पहिलाच आला तो एक म्हातारा, हातात पिशवी. काचेपलीकडे आत्याचा अख्खा चेहरा बघून तो चपापला.

"नवीन आलात वाटतं?" तो म्हणाला. "बरं झालं. आधीच्या बाईंचा नुसता भांग दिसायचा. गेल्या का त्या?"

मला वाटलं, आत्या हसेल. हो हो म्हणेल आणि तिकीट काढून देईल. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. जन्मापासून ओळखते मी तिला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुठं जाणार आहेत त्या? वीस वर्षं इथंच बसल्यात. तुमच्यापैकी एकानं तरी वाकून बघितलं का?"

म्हातारा पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला.

"बोला आता," आत्या म्हणाली. "कुठं जायचंय?"