छत्तीस हजार आणि वर एकशेऐंशी

ऑर्लीनच्या रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर त्या दुपारी एकही रेडिओ नव्हता. होती ती एक बोटाच्या पेराएवढी चिप, दोन कपॅसिटर, रेझिस्टरांचा ढीग आणि चणे भरलेल्या डबल्स-पुऱ्यांच्या तेलकट कागदावर मांडलेलं गणित.

"एका सुरासाठी एवढा पसारा?" तिचे वडील एग्बर्ट दारातून म्हणाले. "मी तर नुसत्या हातोडीने करतो."

'करत होतात,' हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

लावेंटिलच्या टेकडीवरच्या बँडचे पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपांची वाद्यं, एग्बर्ट तीस वर्षं सुरात लावत आले होते. तीस वर्षं तेलाच्या पिंपांवर हातोडी मारल्यावर कान कुणाचे शाबूत राहतात? गेल्या महिन्यात त्यांच्या हातचे दोन पॅन बेसूर निघाले. बँडचा कॅप्टन सिल्व्हन भला माणूस, म्हणून आडून बोलला. शनिवारपर्यंत नवा पॅन जमला तर ठीक, नाहीतर अरिमा गावाहून दुसरा माणूस बोलवावा लागेल. कार्निव्हल कुणासाठी थांबत नाही. त्या दिवसापासून एग्बर्ट ताटात अर्धं टाकून उठत होते, आणि ते बघून ऑर्लीनचाही घास घशाखाली उतरत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्या कानांनी सोडली नव्हती. दोन सूर अगदी जवळ आले की त्यांच्यात थरथर उठते, जुळले की ती थांबते. ती थरथर त्यांना अजून लख्ख कळायची. म्हणून ऑर्लीन एक डबी बनवत होती, सेकंदाला चारशेचाळीस कंपनांचा एकच सूर देणारी. त्यावर पॅनवरची पहिली सुराची जागा नीट बसली की बाकीच्या त्यांचे हात शोधून काढत.

कपॅसिटर तिने दहा नॅनोफॅरडचे घेतले, तेही प्लॅस्टिकचे. सिरॅमिकचे उन्हात तापले की सूर सरकतो. सूर विझू नये आणि किंचाळूही नये, म्हणून आवाज आपोआप आवरणारा चिमुकला बल्ब जोडला. मग छत्तीस हजार ओहमचे दोन रेझिस्टर धरून हिशेब केला, तर उत्तर आलं चारशेबेचाळीस.

"दोनने जास्त," ती कुरकुरली.

"दोनने कुणाचं काय बिघडतंय?"

"करायचं तर चोख करायचं, डॅडी." तिने दोन्हींच्या मागे एकशेऐंशीचा एकेक रेझिस्टर जोडला. चारशेचाळीस, अगदी काट्यावर!

गुरुवारी बँडच्या अंगणात एग्बर्टनी डबी शेजारी ठेवून नवा पॅन ठोकायला घेतला. मध्येच थांबून म्हणाले, "हिचा सूर उतरल्यासारखा वाटतोय गं."

"डबी बरोबर आहे. गणिताचे कान जात नाहीत, डॅडी."

खाली मान घालून एग्बर्टनी डबी सांगेल तसा पॅन लावून टाकला.

संध्याकाळी तो पॅन बाकीच्यांबरोबर वाजला मात्र, पोरांनी तोंडं वाकडी केली. सिल्व्हन एकटक जमिनीकडे बघत राहिला. एग्बर्टनी हातोडी पिशवीत घातली आणि म्हणाले, "बोलव अरिमावाल्याला."

"थांबा हो!" ऑर्लीन ओरडली. तिने डबी एका जुन्या पॅनशेजारी धरली आणि पॅन वाजवायला लावला. थरथर उठली. तिने घड्याळ लावून मोजली. सेकंदाला दोन. दुसरा पॅन, तिसरा पॅन, पुन्हा दोनच.

"डॅडी, हे कशावरून लावलेत?"

"पहिला चर्चच्या पेटीवरून. पुढचे सगळे त्या पहिल्यावरून."

"आणि पेटी?"

"ती पाद्र्याच्या बायकोसारखी. कायम जरा चढेल."

सगळं अंगण खिदळलं. ऑर्लीनला हसू येईना. चारशेबेचाळीस! तिचं पहिलं उत्तर. तिने तिथेच अंगणातल्या एका टेबलावर सोल्डरिंगचं हत्यार तापवलं, एकशेऐंशीचे दोन्ही रेझिस्टर उपटले आणि त्यांच्या जागी तारेचे तुकडे जोडले. एग्बर्टनी पॅनला खालून घाव घालत एकेक सूर पुन्हा वर चढवला. मग बँड वाजला, आणि नवा पॅन कुठला ते ऐकून ओळखता येईना.

"अरिमावाल्याला म्हणावं, मजेत कार्निव्हल बघ," सिल्व्हन म्हणाला.

एग्बर्ट मात्र पालथ्या पिंपावर बसून राहिले. "मला उतरलेला वाटला होता," ते हळूच म्हणाले.

"हो."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं."

"बरोबर आलं होतं, डॅडी. मीच ऐकलं नाही."

त्यांनी वाकून धुळीतले ते दोन्ही रेझिस्टर उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

"ते कशाला?"

"गणिताच्या कानांबद्दल परत बोललीस की दाखवीन. आता जा, दोन डबल्स आण." ती निघाली तशी त्यांनी हाक मारली. "नको, तीन आण. आणि मिरची भरपूर घालायला सांग."