पपईच्या पानाखालून

मी पपईच्या पानाखालून बोलतेय. जरा वाका, म्हणजे ऐकू येईल. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, आठ पायांची, डोळे नसलेली मी एक बाई. शेतीतली जाणती माणसं मला परभक्षी कोळी म्हणतात. नाव भयंकर आहे खरं, पण मी पानाला तोंड लावत नाही. पानाचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांवर माझं पोट चालतं.

माझा जन्म नवागाम या कामगारवस्तीत, गटाराकाठच्या एका एरंडावर झाला. वाऱ्यानं उचलून मला सुंदराबाईच्या गच्चीवर टाकलं. तिथं पिंपात लावलेली पपई आजारी होती. लाल कोळी रस पिऊ लागले, की झाडाला एक वेगळाच वास सुटतो. मला ती हाकच वाटते. वासावर चालत मी पानाखाली पोहोचले.

तिथं लाल कोळ्यांनी बारीक जाळं विणलं होतं. सुंदराबाईला ते सूत वाटलं! तिचा नवरा निंबा लूमच्या कारखान्यात कापड तपासतो. रोज त्याची खरडपट्टी निघायची, "तुम्हना शर्ट आठे नका झटकू हो! झाडवर सूत बठी ऱ्हायनं."

बिचारा निंबा जिन्यात शर्ट झटकू लागला. तरी पानं पिवळी पडली. भाड्याच्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच झाड, आणि त्याला पहिलीच फळं धरलेली. शेवटी कीडच असेल म्हणून तिनं फवारायचं जालीम औषध आणलं.

औषधाचा वास आला. मी पळाले असते हो, पण त्याच पानावर माझी चार अंडी होती. ती कुठं न्यायची? भीती विसरायला मी समोरचा लाल कोळी खायला घेतला.

तेवढ्यात पान उलटं झालं. सूत कसलं आहे ते पाहायला निंबानं कापडाचे धागे मोजायची भिंगाची काच पानावर टेकवली होती.

"थांब व! दवा नको मारू. हाऊ त्या लालले खाई ऱ्हायना!"

सुंदराबाईनं काच ओढून घेतली. बराच वेळ तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता.

"मंग हाऊ आपला शे का?"

"आपलाच शे."

औषधाची बाटली बंद झाली. माझी चारही पिल्लं आता याच झाडावर लाल कोळी वेचत हिंडतात, आणि नवी पानं हिरवी येताहेत. सुंदराबाई रोज पानांची धूळ धुते, आधी पान उलटून बघते, मग हलक्या हातानं. तिचे उपकार मी कसे फेडू? मी म्हातारी झालेय, फार दिवस उरले नाहीत. तुम्हीही फवारणीआधी एकदा पान उलटून बघाल ना? मी बाई आहे हे त्या दोघांना कळलं नाही, पण त्यांनी मला आपलं म्हटलं. एवढ्याशा जन्मात मला तेवढं पुष्कळ झालं.