जप्तीतली ‘अल-बरकत’

“चिकटतच नाहीये हो हे,” कोर्टाचा माणूस वैतागून म्हणाला. केबिनच्या काचेवर लावलेली चिकटपट्टी वाऱ्याने पुन्हा सुटली होती आणि हुकमाचा कागद त्याच्या हातात फडफडत होता.

अब्दुस्समद आत गेला आणि पिण्याच्या पाण्याची बाटली आणि जुनं फडकं घेऊन आला. “काचेवर खार बसतो. असं नाय चिकटायचं. थांबा जरा.” त्याने काच धुतली, कोरडी पुसली, कागद सरळ धरला आणि त्याचे कोपरे अंगठ्याने दाबून बसवले. मग आपण काय चिकटवलं ते त्याच्या लक्षात आलं आणि तो मागे सरला.

कोर्टाच्या माणसाने कागदाचा फोटो काढला, मग ‘अल-बरकत’ हे नाव दिसेल असा बार्जचा. तो मुंबईहून आला होता. दिघीच्या जेट्टीवरून होडीतून इथवर येताना त्याला ओकारी झाली होती आणि परत त्याच होडीत बसायच्या कल्पनेने त्याचा चेहरा उतरला होता.

“ही बार्ज आता कोर्टाच्या ताब्यात. हलवायची नाही, काही उतरवायचं नाही. तुम्ही कोण इथले?”

“सारंग.”

“म्हणजे कॅप्टन?”

“तसंच काय ते.”

“आणि बाकीची माणसं?”

“खाली इंजिनाकडे नामा हाय. बाकीचे गेले. दिवाळीपासून पगार नाय कुणाला.”

“तुम्ही दोघं तरी राहा. जहाज असं वाऱ्यावर सोडता येत नाही. पुढची व्यवस्था होईपर्यंत तुमच्यावरच आहे.” एवढं बोलून तो कठडा घट्ट धरून होडीत उतरला.

‘अल-बरकत’ कोळसा वाहायची. खाडीच्या तोंडाशी मोठी जहाजं उभी राहत. त्यांतला माल भरून जेट्टीला आणायचा, रिकामं होऊन परत जायचं. श्रीवर्धनच्या मोठ्या शेठनी ही बार्ज घेतली तेव्हा कुडगावचा तरुण अब्दुस्समद तिच्यावर खलाशी म्हणून चढला. शेठनीच त्याला परीक्षेला बसवलं आणि सारंग केलं. शेठ गेल्यावर धंदा त्यांच्या मुलाकडे, हुझैफाकडे आला. हुझैफाने एकीच्या तीन बार्ज केल्या. त्यासाठी तिन्ही एका फायनान्स कंपनीकडे गहाण टाकल्या. मग कोळशाचं काम दुसऱ्या कुणाला गेलं, हप्ते थकले आणि कंपनी हायकोर्टात गेली. धरमतरच्या खाडीत दोन आणि इथे राजपुरीच्या खाडीत ही एक, अशा तिन्ही जप्त झाल्या.

बार्ज नांगरली होती तिथून कुडगाव दिसायचं. मशिदीच्या मागे, सुपारीच्या बागेला लागून अब्दुस्समदच्या घराची कौलं होती. बायको वारल्यापासून तिथे मुलगी आफिया राहायची. तिचा नवरा कुवेतला होता. ती अंगणात कपडे वाळत घालायची ते डोळे बारीक केले की इथून कळायचं. दर जुम्म्याला ती ओळखीच्या होडीतून डबा आणि पाण्याचे कॅन घेऊन यायची. बाकीचे दिवस दोघं माणसं खिचडी नाहीतर गळाला लागेल तो मासा खाऊन काढत.

काम म्हणजे एकच होतं, पंप. बार्जला ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तिथून पाणी झिरपायचं. ते पूर्वीही झिरपायचं, पण बार्ज धंद्यावर असताना दुरुस्ती व्हायची. आता कोण करणार? सकाळी आणि संध्याकाळी नामा पंप लावायचा, पाणी खाडीत जायचं आणि ‘अल-बरकत’ पुन्हा हलकी व्हायची.

हुझैफा आला तो एका जुम्म्याला दुपारी, नमाज आटपून. पांढरा कुर्ता, पण इस्त्री नव्हती. लहानपणी तो वडिलांबरोबर यायचा तेव्हा अब्दुस्समदच्या मांडीवर बसून सुकाणू धरायचा आणि तिथेच झोपायचा. आता तो खुर्ची असूनही दारातच बसला.

“किती वाळलात, चाचा.”

“बस. चहा ठेवतो. दूध नाय.”

“चालेल.” त्याची नजर कुडगावकडे होती. “कोर्ट लिलाव करणार. वकील म्हणतो भंगाराचा भाव येईल. उरलेल्या कर्जासाठी मग घरावर येतील. घरसुद्धा लिहून दिलंय मी. अम्मीला अजून बोललो नाही.”

अब्दुस्समदने स्टोव्हची वात उगाच वरखाली केली.

“हिचा विमा अजून चालू आहे,” हुझैफा हळू आवाजात म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत. ही गेली ना चाचा, तर विम्यातून कर्ज भागतं. घर वाचतं.”

“गेली म्हणजे?”

“मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. वाईट असं काही मी तुम्हाला सांगेन का? तुम्ही नुसतं घरी जा. नामादादालाही जाऊ दे. पगार नाही, धड जेवण नाही, माणसं कंटाळून गेली. कोण काय बोलणार? नुसतं घरी जा.”

खाली नामाने पंप लावला होता. त्याची धडधड दोघांच्या पायांखाली जाणवत होती.

“आणि पंप?” अब्दुस्समदने विचारलं.

हुझैफाच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही घरी असल्यावर पंप कोण लावणार, चाचा?”

चहा उकळून वर आला. अब्दुस्समदने तो गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला. “फेरीबोट हितनंच जाते, हुझैफा. शाळेची पोरं असतात तिच्यात.”

“बुडाल्या जागी खूण लावतील. बाजूने जाईल ती.”

“व्हय. लावतील.” दुसरं काही कारण त्याला सापडेना. “पण माझ्या हातात असताना बुडाली, हे मला नाय जमायचं.”

“मग आमचं घर जाऊ दे?”

अब्दुस्समदने कप त्याच्याकडे सरकवला. हुझैफाने चहा प्यायला नाही. होडीत उतरताना त्याचा पाय घसरला आणि अब्दुस्समदने सवयीने त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी नामाने आपली पिशवी भरली. तो पेणकडचा, मिठागरात वाढलेला माणूस.

“मना घरा जावाचा हाय, सारंग. पोरीचा, प्राप्तीचा साखरपुरा हाय. तो शेठ मनापन फोनवर बोल्ला, म्हनून नाय जात मी.”

“मी कुठं काय बोललो?”

“नाय बोललास. कालपासून तोंडातून शब्द नाय तुझ्या. म्हंजे बोलतोसच की.” नामा खाली मान घालून पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिला. “तूपन चल. कोनाचा काय जातंय? लोखंड हाय त्या.”

“जा तू. पोरीला माझी दुवा सांग.”

नामा गेला. त्यानंतर शेठकडून येणारं डिझेल बंद झालं. हुझैफा फोन उचलेना. अब्दुस्समदने कोर्टाच्या माणसाला फोन केला. त्याने फायनान्स कंपनीच्या वकिलाचा नंबर दिला. वकिलाकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि अर्ज करावा लागेल, साहेबांना सांगते, असं म्हणाली. पंपाच्या टाकीतलं डिझेल संपलं त्या दिवशी अब्दुस्समदने डेकवरचा हातपंप मोकळा केला. त्याचा दांडा गंजला होता. तेल घालून, हलवून हलवून तो चालता केला आणि उपसायला सुरुवात केली. थोडं उपसायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. पूर्वी नुसती दुपारची झोप आली तरी त्याला शरम वाटायची. आता तो जिथे असेल तिथे, ऊन असो नसो, आडवा व्हायचा.

जुम्म्याला आफिया आली तेव्हा तो दांड्याला लटकल्यासारखा उभा होता. तिने डबा खाली ठेवला आणि बापाचे तळवे उलटे करून बघितले.

“गावात काय बोलतात ठाऊक हाय? शेठ घरी जा म्हणतो तरी तुझा बाप उतरत नाय. कुणासाठी करताय हे, अब्बा? ते कोर्ट तुम्हाला ओळखतं तरी काय?”

“नाय.”

“फायनान्सवाले?”

“त्यांनीच तर ही वेळ आणली.”

“मग? हुझैफाच्या अम्मीनं, बानूचाचींनी, माझ्या लग्नात मला जवळ बसवून मेंदी लावली. त्यांचं घर जाणार, आणि तुम्ही हितं पाणी काढताय!”

अब्दुस्समद खाली बसला. “मला सगळं समजतं, बेटा. पण थांबलो की खालून पाण्याचा आवाज येतो. तो ऐकून उठायचं आणि घरी जाऊन झोपायचं, हे कसं करायचं ते मला ठाऊक नाय.”

आफियाने रागाने डबा बाजूला सरकवला. मग तिने ओढणी कमरेला बांधली आणि दांडा हातात घेतला. होडीवाला हाका मारून मारून परत गेला. संध्याकाळपर्यंत बापलेक आळीपाळीने उपसत होते. अंधार पडायच्या आत होडी पुन्हा आली तेव्हा आफियाच्या हातांना फोड आले होते. जाताना ती म्हणाली, “उद्या परत येते.” आणि आली. डिझेल येईपर्यंत रोज येत राहिली.

डिझेल फायनान्स कंपनीने पाठवलं. महिना संपला. विमाही संपला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लिलाव झाला आणि ‘अल-बरकत’ एका भंगारवाल्याने घेतली. त्याची माणसं टगबोट घेऊन आली. चांगली माणसं होती, त्यांनी अब्दुस्समदला आपल्या डब्यातली भाकरी दिली. पगाराचं विचारल्यावर वकिलाकडची मुलगी म्हणाली, तुमचा दावा लागलेला आहे, मिळतील, वेळ लागेल. तो गाठोडं घेऊन होडीत बसला. बार्ज ओढून नेताना तिने नेहमीसारखी डावीकडे ओढ घेतली आणि टगबोटवरचा माणूस ओरडला. अब्दुस्समदने तोंड गावाकडे केलं.

पावसाळ्याआधीच श्रीवर्धनच्या घराला सील लागलं. शहरबानू, मोठ्या शेठची बायको, मुलाला घेऊन म्हसळ्याला भाड्याच्या खोल्यांत राहायला गेल्याचं कळलं. आफिया म्हणाली, “जाऊ नका, अब्बा.” तो काही दिवस थांबला. मग एका सकाळी धुतलेले कपडे घालून, घरच्या झाडाच्या सुपाऱ्या पिशवीत घेऊन म्हसळ्याच्या गाडीत बसला.

दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेले खोके अजून उघडलेले नव्हते. दाराशी पुरुषी चपला होत्या.

“या, समदभाई,” शहरबानू म्हणाली. तिने आफियाची चौकशी केली, कुवेतच्या जावयाची केली. सुपाऱ्या घेतल्या. चहा स्वतः करून आणला. श्रीवर्धनला तो गेला की चहा आतून नोकराकडून यायचा आणि ती पडद्याआडून बोलायची. इथे पडदा नव्हता. ती खोक्यावर बसली.

“हुझैफानं सांगितलंय मला. सगळं.”

“भाभी, मी...”

“तुमचं चुकलं असं मी नाय म्हणणार. हे असते तर त्यांनीही तेच केलं असतं.” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “पण आता परत येऊ नका, समदभाई. तुमचं नाव निघालं तरी तो आतल्या खोलीत जाऊन बसतो. आताही बसलाय. मग दिवसभर जेवत नाय.”

अब्दुस्समदने मान हलवली. कपात चहा उरला होता, तो त्याने संपवला. टाकून जाणं बरं दिसलं नसतं. उठून त्याने सलाम केला आणि चपला घातल्या.

स्टँडकडे जाणारी गल्ली उताराची होती. तो थोडा खाली गेला असेल, तेवढ्यात मागे दाराची कडी वाजली आणि कुणीतरी बाहेर पायरीवर येऊन उभं राहिलं. अब्दुस्समदने वळून पाहिलं नाही. आपण बघितलं तर तो पुन्हा आत जाईल, असं त्याला वाटलं. हाक आलीच तर ऐकू यावी म्हणून तो सावकाश, अगदी सावकाश उतरत राहिला.