तिरपे थर
मामा आयुष्यभर लाकडाच्या नावा बांधत आला होता. उतारवयात त्याच्या डोक्यात फायबरची नाव शिरली. काचेच्या धाग्यांच्या कापडावर चिकट राळ ओतून त्याने आधी नमुन्याचा पत्रा केला आणि थेट भाचीची प्रयोगशाळा गाठली. वस्तू मोडून बघायच्या, यासाठीच भाचीला पगार मिळायचा.

"हत्ती टांगलास तरी तुटायचा नाही," मामा म्हणाला.

"टांगून नाही मामा, सरकवून बघायचंय."

भाचीने कागदांचा गठ्ठा दोन तळहातांत धरला. एक हात वर नेला, दुसरा खाली. एकही कागद फाटला नाही, पण चौकोनी गठ्ठा तिरका झाला. "लाट नावेला एकाच कोपऱ्यातून उचलते, तेव्हा पत्र्याचं असंच होतं. त्याला कातर-बल म्हणतात."

तिने पत्र्याचा तुकडा कापला, वर-खाली समोरासमोर खाचा पाडल्या आणि तो यंत्रात आवळून बटण दाबलं. टक्कन आवाज झाला. तुकडा भलतीकडेच चिरला.

"वाकडा लावलास," मामा म्हणाला.

भाचीला राग आला, पण बघते तर यंत्राचा जबडा खरंच तिरका बसला होता. तिने जीभ चावली आणि दुसरा तुकडा नीट लावला. तो खाचांच्या बरोबर मधे मोडला, तोही हवा होता त्याच्या निम्म्याच जोरावर.

मामाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मेहनत पाण्यात?"

"पाण्यात जायच्या आत कळलं ना? तुझे सगळे धागे एकाच दिशेला धावतायत. काही थर तिरपे घाल, एक या अंगाला, एक त्या अंगाला."

मामा मोडके तुकडे खिशात घालून निघून गेला. दोन दिवसांनी मामीचा फोन आला. "काय गं, काय भरवलंस त्याच्या डोक्यात? माझ्या चादरी कोनात कापून बघतोय."

पुढच्या आठवड्यात मामा नवा पत्रा घेऊन हजर. या वेळी यंत्रावरचा जोराचा आकडा चढतच गेला. मागचा तुकडा मोडला होता ती खूण ओलांडली तेव्हा मामा श्वास घ्यायचा विसरला. बऱ्याच वेळाने तुकडा कुरकुरत मोडला.

"बास?" भाचीने हसत विचारलं.

"बास कशाला? आण दुसरा. बटण मी दाबतो."

तिरप्या थरांची नाव बांधून पाण्यात उतरली तेव्हा मामी आपणहून आत चढून बसली. मामाने बांधलेल्या नावेत ती पहिल्यांदाच बसत होती. "पोरीने मोडून बघितलंय," ती म्हणाली, "नाहीतर याच्या शब्दावर कोण बसतंय?"

मामा वल्हं मारत राहिला. पलीकडच्या काठावर पोहोचेपर्यंत त्याने मामीला कातर-बल दोनदा समजावून सांगितलं, आणि दोन्ही वेळा चुकीचं.